महामार्गावर कुटुंबाला रात्री थांबता यावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

चालकाला डुलकी लागून गाडी दुभाजकावर आदळली किंवा उभ्या ट्रकवर जाऊन धडकली, अशा बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि चालकाने पुरेशी विश्रांती घेतली नव्हती, असे त्यांच्या अखेरीस बहुधा म्हटलेले असते. ती विश्रांती त्याने वाटेत नेमकी कोठे घ्यायची होती, आणि गाडीत बायका, मुले व वृद्ध माणसे असतील तर त्या सर्वांनी तेवढा वेळ कोठे काढायचा, याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मी मूळची बार्शीची असून गेली काही वर्षे ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे राहते. गेल्या जुलैत आईबाबा आमच्याकडे आले असताना त्यांना आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही उलुरूचा प्रचंड खडक पाहण्यासाठी गाडीने निघालो आणि पहिली रात्र रस्त्याकडेच्या एका विनाशुल्क मुक्कामतळावर काढली. त्या रात्री जे पाहिले ते आपल्याकडे रस्ते बांधणाऱ्यांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ॲडलेडपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, एका चिंचोळ्या आखाताच्या टोकाशी पोर्ट ऑगस्टा हे बंदराचे गाव आहे. तेथून थेट उत्तरेकडे डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट महामार्ग २,७०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. ओपल या रत्नाच्या खाणींसाठी आणि जमिनीखाली कोरलेल्या घरांसाठी प्रसिद्ध असलेले कूबर पीडी हे या वाटेवरचे पहिले मोठे गाव पोर्ट ऑगस्टापासून सुमारे ५४० किलोमीटरवर येते. मधल्या पट्ट्यात पेट्रोल मोजक्या ठिकाणी मिळते, फोनला तासन्‌तास रेंज नसते आणि दोन्ही बाजूंना तांबड्या मातीवर खुरट्या झुडपांखेरीज काही दिसत नाही. अंधार पडल्यावर या रस्त्याने जाऊ नये, असे येथे प्रत्येक जण बजावून सांगतो, कारण कांगारू, एमू आणि कुंपण नसलेल्या माळावरची गुरे अचानक समोर येतात. भाड्याने गाड्या देणाऱ्या अनेक कंपन्या तर करारातच तशी अट घालतात. समोरून येणारी रोड ट्रेन, म्हणजे एका ट्रकला एकामागून एक जोडलेल्या ट्रेलरांची रांग, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असू शकते आणि ती काही क्षणांत थांबणारी नसते. त्यामुळे सूर्य मावळण्याआधी मुक्काम गाठणे ही येथे प्रवासाची पहिली शिस्त आहे आणि ती पाळता यावी म्हणून महामार्गावर ठिकठिकाणी विश्रांतीथांबे ठेवलेले आहेत. काही थांबे केवळ दिवसापुरते असतात, तर बऱ्याच ठिकाणी रात्रीचा मुक्काम करता येतो. मात्र मुक्कामालाही साधारणतः चोवीस तासांची मर्यादा असते.

आम्ही थांबलो तो तळ लेक हार्ट नावाच्या मिठाच्या सरोवराकाठी, ॲडलेडपासून साधारण सव्वापाचशे किलोमीटरवर आहे. ही कोकाथा या आदिवासी लोकांची भूमी. शिवाय हा सारा प्रदेश वूमेरा या सुमारे १,२२,००० चौरस किलोमीटरच्या संरक्षित अस्त्रचाचणी क्षेत्रात मोडतो, त्यामुळे महामार्ग आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून मनाला येईल तेथे गाडी घालता येत नाही. तळावर पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि तासाभरातच अंधार होणार होता. हॉटेल नाही, वीज नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, पावती फाडणारा माणूस नाही. रस्त्यापासून आत घेतलेली सपाट मुरमाड जागा आणि एक साधे शौचालय, इतकीच ती सोय.

या शौचालयाविषयी मला विस्ताराने लिहायचे आहे. दुपारी पोर्ट ऑगस्टा सोडल्यापासून आईने पाण्याचा घोट घेतला नव्हता. बाटली तिच्या मांडीवर होती, हवा कोरडी होती, ओठ सुकलेले मला दिसत होते, तरी विचारले की ती नकोच म्हणे. तळावर गाडी थांबल्यावर ती आधी उतरली, शौचालयाचे दार उघडून पाहून आली, आतून कडी लागते याची खात्री केली आणि मग येऊन तिने सलग दोन पेले पाणी प्यायले. ही तिची चाळीस वर्षांची सवय आहे. बार्शीहून पुण्याला किंवा नागपूरला जायचे असेल, तर ती आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करते. माझी आजी हेच करत असे आणि खरे सांगायचे तर लग्नापूर्वी मीही तेच करत असे. वाटेत जागा मिळेल की नाही याचा भरवसा नसल्यामुळे आपल्या बायका तहान मारून प्रवास करतात, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की वाळवंटाच्या कडेला बसलेल्या आईला पाहीपर्यंत मला ते कधी नीट जाणवलेच नव्हते.

रात्री आम्ही गॅसच्या लहान शेगडीवर पिठले केले आणि आईने घरून करून आणलेल्या दशम्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या. रस्त्याकडेची झाडे तोडण्यास किंवा वाळलेले लाकूड गोळा करण्यास येथे परवानगी नसल्याने शेकोटीचा प्रश्न नव्हता, आणि जुलै हा येथील थंडीचा महिना असल्याने जेवण होताच मुले पांघरुणात शिरली. तळावर आणखी सात-आठ गाड्या होत्या. त्यांत निवृत्तीनंतर घर बंद करून कॅरव्हॅनने देश पाहत फिरणारी वयस्क जोडपी बरीच होती. अशा प्रवाशांची येथे मोठी जमात आहे. त्यांपैकी एक आजोबा येऊन आमच्याकडे पाणी पुरेसे आहे ना, याची विचारपूस करून गेले आणि जाताना मुलांना रुळांकडे फिरकू देऊ नका असे सांगून गेले, कारण तळ आणि सरोवर यांच्या मधून रेल्वेमार्ग जातो आणि मैलभर लांबीच्या मालगाड्या रात्रीही त्यावरून धावतात. डार्विनला जाणारी ‘घान’ ही प्रवासी गाडीही याच मार्गाने जाते. एकोणिसाव्या शतकात उंटांच्या तांड्यांवर या प्रदेशाची मालवाहतूक करणाऱ्या, ‘अफगाण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उंटवाल्यांवरून तिला हे नाव पडले. त्यांच्यातील अनेक जण कराची बंदरातून इकडे आले होते आणि कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती, हे बाबांनी सांगितले तेव्हा मुलांना फार नवल वाटले. झोपण्यापूर्वी बाबांनी त्यांना आकाशही दाखवले. ध्रुव येथे क्षितिजाखालीच राहतो. परंतु त्रिशंकू आणि त्याकडे बोट दाखवणारे मित्र व मित्रक हे दोन तारे स्पष्ट दिसत होते, वृश्चिकाची नांगी थेट डोक्यावर आली होती आणि या दोहोंच्या मधल्या आकाशगंगेतील काळ्या पट्ट्यांत येथील अनेक आदिवासी समूहांना एमूची आकृती दिसते, ती मुलांनी आमच्या आधी ओळखली.

नऊच्या सुमारास तळावर सगळीकडे सामसूम झाली. जनित्रे बंद होती आणि मोठ्याने गाणी लावलेली नव्हती. सकाळी प्रत्येक जण आपला कचरा पिशवीत बांधून सोबत नेताना दिसला. रात्री सुरक्षित वाटले का, असे मला नंतर अनेकांनी विचारले. भीती वाटली नाही असे मी म्हणणार नाही, परंतु आजूबाजूला कुटुंबे झोपलेली आहेत ही जाणीव पहारेकऱ्यासारखी सोबत होती.

हे तळ म्हणजे सरकारने पर्यटकांवर केलेली मेहेरबानी आहे, असा समज होऊ नये. थकवा हे जीवघेण्या अपघातांचे एक मोठे कारण आहे, असे येथील रस्ते यंत्रणा मानतात आणि झोपेची जागा ही रस्त्याचाच भाग धरतात. या राज्यात एकट्याने अवजड वाहन चालवणाऱ्याला सर्वसाधारण नियमानुसार २४ तासांत १२ तासांहून अधिक काम करता येत नाही आणि त्या २४ तासांत वाहन उभे करून सलग ७ तास विश्रांती घ्यावीच लागते. असा नियम करताना वाहन उभे करण्यास जागा देणे ओघाने आलेच. साध्या गाडीच्या चालकानेही दर दोन तासांनी थांबावे असे सांगितले जाते, आणि सुट्ट्यांच्या गर्दीच्या काळात काही महामार्गांवर स्वयंसेवक थकलेल्या चालकांना विनामूल्य चहा-बिस्किटे देतात.

आता आपल्याकडचा माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आलो असताना आम्ही राज्यातील एका महामार्गावरून रात्री प्रवास करत होतो. यजमानांना झोप अनावर झाली म्हणून आम्ही गाडी कडेला घेतली. दहा मिनिटांत गस्तीची गाडी आली आणि येथे थांबता येणार नाही, पुढे चला, असे सांगण्यात आले. त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे योग्यच होते, कारण वेगवान रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी स्वतःसाठी आणि इतरांसाठीही संकट असते. पुढे म्हणजे कोठे, असे मी विचारले, तेव्हा मात्र त्याला उत्तर देता आले नाही. आम्ही खिडक्या उघड्या ठेवून, आळीपाळीने बोलत, कसेबसे पहाटेपर्यंत गाडी रेटली. ट्रकचालकाला निदान ढाब्यावरची बाज मिळते. मुली आणि म्हातारी आई बरोबर असलेल्या कुटुंबाला त्या बाजेवर आडवे होता येत नाही आणि मध्यरात्री अनोळखी लॉजचे दार ठोठावण्याचा धीरही सर्वांना होत नाही.

ऑस्ट्रेलियातील निर्जन माळ जसाच्या तसा महाराष्ट्रात आणावा, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे वस्ती दाट आहे, चोरीची धास्ती खरी आहे, आणि दिवाबत्ती व माणसांचा वावर यांशिवाय कुटुंबे थांबणार नाहीत. परंतु दिवे आणि रात्रभर जागी माणसे असलेली एक जागा आपल्या मोठ्या महामार्गांवर ठरावीक अंतराने आहेच, आणि ती म्हणजे पथकर नाका. त्याला लागून वीस-पंचवीस गाड्यांपुरती जागा रस्त्यापासून आत घ्यावी, ट्रकसाठी वेगळी आणि कुटुंबांसाठी वेगळी; तेथे पाणी आणि आतून कडी लागणारी स्वच्छ शौचालये असावीत; आणि ‘येथे रात्री गाडीत झोपण्यास परवानगी आहे’ असा मराठी, हिंदी व इंग्रजी फलक लावावा. असा पुढचा थांबा किती किलोमीटरवर आहे हेही त्या फलकावर लिहावे, म्हणजे पेंगुळलेल्या माणसाला अजून किती तग धरायचा आहे ते कळेल. देखभालीचे काम जवळच्या गावातील महिला बचत गटांना रीतसर मोबदला देऊन सोपवता येईल. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता संपूर्ण खुला झाला आहे. इतक्या लांबीच्या एकसुरी रस्त्यावर रात्री सलग गाडी हाकणारी कुटुंबे दर सुट्टीत असणार, तेव्हा आरंभ तेथूनच करणे योग्य होईल. नवी इमारत लागत नसल्याने एक-दोन नाक्यांवर हा प्रयोग येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी सुरू करणे शक्य आहे. संबंधित खात्याने या सूचनेचा विचार करावा, आणि ज्या वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, अशा रात्री काढल्या आहेत त्यांनीही आपले अनुभव या स्तंभात कळवावेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, ॲडलेड