सानिकाच्या घोड्यांच्या शिक्षणाबद्दल

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

सानिकाला बारावीनंतर घोड्यांचं शास्त्र शिकायचंय आणि घरात परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांचा ढीग पडलाय, हे कळलं. घोडे शिकून पोट भरतं का, असं वहिनी विचारत होत्या. भरतं, पण आधी एक ठरवावं लागेल. घोड्याचा डॉक्टर होणं आणि घोड्यांचा कारभार सांभाळणं ही दोन वेगळी शिक्षणं आहेत.

इंग्लंडचं हार्टपरी, अमेरिकेचं केंटकी, ऑस्ट्रेलियाचं चार्ल्स स्टर्ट ही विद्यापीठं घोड्यांवरच्या पदव्या देतात. आहार, पैदास, व्यायामाचं शरीरशास्त्र, पागेचा हिशेब हे सगळं त्यात असतं. अभ्यास कसदार आहे, वाद नाही. पण त्या पदवीवर इथे घोड्याला साधं इंजेक्शन लिहून देता येत नाही. त्यासाठी बीव्हीएस्सी अँड एएच ही जनावरांच्या डॉक्टरची पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हवी. म्हणून माझं मत सरळ आहे: आधी बीव्हीएस्सी, घोडा त्यानंतर. उलट्या क्रमाने गेल्यास पैसा दुप्पट जातो.

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळलाच आहे, 1886 पासूनचं. ठाण्याहून लोकलने रोज जाता येईल. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, बारावीला विषय भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. इथे मुलं हमखास गोंधळतात: वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज भरला म्हणजे हाही भरला असं समजतात. नागपूरच्या माफ्सू या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र असतो, आणि देशपातळीवरच्या 15 टक्के जागांची प्रक्रिया त्याहून वेगळी. अधिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐन वेळी सेतू केंद्रात रांग लावण्यापेक्षा बरं.

एक गोष्ट मात्र तिला आधीच सांग. कॉलेजात घोडा कमी भेटतो. शरीररचना मुख्यतः गाई-म्हशीवर शिकवतात, घोडा तुलनेपुरता. मुंबईत दवाखान्यात येतात ती बहुतेक कुत्री-मांजरं. घोडा आपणच शोधायचा: महालक्ष्मीचं रेसकोर्स, पुण्याकडचे स्टड फार्म, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानला तर नेरळहून अर्ध्या दिवसात पोचता येतं आणि दिवसभर राबणारी तट्टं जवळून पाहता येतात. पुढे संशोधनात जायचं असेल तर हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे.

गाईवर शिकलेला विद्यार्थी घोड्यापाशी कुठे चुकतो, ते आता सांगतो, कारण खरा विषय तिथे आहे. गाय चारा आधी रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, आंबवते आणि मग पचवते. घोड्याचं उलटं. त्याचं पोट लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं, आणि चारा आंबतो तो पार मागे, अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी) आणि मोठ्या आतड्यात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. एकदम धान्य घातलं की पोट ताणतं, फुटूही शकतं. न पचलेला स्टार्च मागे गेला की तिथले जंतू आम्ल तयार करतात, विष रक्तात उतरतं आणि परिणाम दिसतो खुरात! खुराच्या आतले पापुद्रे सुजतात, पुढे हाडच फिरतं. चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, पेटी उघडी राहिली म्हणून घोडा कायमचा लंगडा होतो, तो असा.

आकडे लक्षात ठेवायला सांग. घोड्याचं वजन काढायला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर वजन साधारण 365 किलो. रोजचा कोरडा आहार वजनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास, त्यातला निदान दीड टक्का गवत-वैरण. उरलेली चंदी दोन-तीन वेळा विभागून, एका वेळी 2 किलोच्या आतच. आहार बदलायचा तर 7 ते 10 दिवस लावून. पाणी दिवसाला 25 लिटरच्या वरच, उन्हाळ्यात बरंच जास्त.

आपल्या पावसाळ्यात दोन धोके आणखी वाढतात. भिजून बुरशी आलेला मका घोड्याला चुकूनही द्यायचा नाही. त्यातल्या फ्युमोनिसिन या बुरशीच्या विषाने मेंदूचा पांढरा भाग विरघळतो. दुसरा धोका मोनेन्सिन या औषधाचा. कोंबड्यांच्या खाद्यात ते सर्रास मिसळतात आणि कोंबड्यांना सोसतं, पण घोड्याच्या दर किलो वजनाला 2-3 मिलिग्रॅममध्ये हृदयाचा स्नायू मरतो. कोंबडीखाद्य बनवणाऱ्या गिरणीतूनच चंदी भरडून आणणं म्हणूनच बेफिकिरी आहे.

पोटशूळ उठला की घोडा जमीन उकरतो, कुशीकडे वळून बघतो, लोळतो. शांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. ती 60 च्या पुढे गेली, हिरड्या काळपट झाल्या आणि पोटाचा गुडगुडाट थांबला, तर वाट पाहू नये. चारा काढून घ्यायचा, डॉक्टरला बोलवायचं. बाटलीने तेल पाजायची जुनी खोड मोडायलाच हवी: तेल फुप्फुसात जातं आणि शूळ बरा होऊनही घोडा न्यूमोनियाने मरतो. डॉक्टर नाकातून नळी घालतो ती याचसाठी.

खूर उचलणं हे पहिल्या महिन्यात शिकायचं काम. खांद्यापाशी, शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, हात पायावरून खाली सरकवत नडगीमागची शीर हलकेच दाबायची, खूर वर येतो. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही खाचा आकडीने टाचेकडून पुढे साफ करायच्या. काळा, दुर्गंधी चिकट द्रव निघाला तर खूर सडतोय. त्या वेळी औषधापेक्षा कोरडी जागा आणि रोजची लीद उचलणं जास्त कामाचं. नालबंद दर 6 ते 8 आठवड्यांनी हवा, नाल शाबूत दिसला तरी, कारण खूर वाढतच असतो. नालबंदाशी आणि मोतद्दाराशी (घोड्याची देखभाल करणाऱ्याशी) अदबीने बोलायला तिला आत्ताच शिकव. खराऱ्याच्या वेळी हाताला जे कळतं, ते पुस्तकात नसतं.

घोडेस्वारी शिकायला काहीच हरकत नाही, पण तिच्यावरून निर्णय घेऊ नका. स्वारी तासाभराची असते, पागा पहाटे पाचची. आधी सुट्टीत महिनाभर एखाद्या पागेत लीद उचलायला पाठव. त्यानंतरही तिचा हट्ट कायम राहिला, तर नीटच्या क्लासची फी भर.

आणि पाठवण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतली आहे ना, ते तपास. लिदीत आणि पागेच्या मातीत ते जंतू असतातच. बूट बंद हवेत, चपला चालणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, सानिकाला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश