शेजारच्या गच्चीच्या काकूंना

काकू, सा. न.

त्या रात्री तुमचे धड आभारही मानता आले नाहीत, गळाच दाटून आला होता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

आमच्या सोसायटीत दुर्बिणीतून तारा बघायला गच्चीची किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं, "रात्री गच्चीवर काय काम?" अर्ज दिला, कमिटीसमोर उभी राहिले. कुणी हसलं, कुणी सुरक्षेचं कारण पुढे केलं. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "किती वाजेपर्यंत लागेल?" तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली दिलीत आणि तिथला फ्लडलाइटही बंद करवून घेतलात.

महाश्व तारकासमूहातला एचडी २०९४५८ हा तारा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी ठाण्याच्या जवळजवळ डोक्यावर येतो. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि सुमारे तीन तास ताऱ्याचा प्रकाश जेमतेम दीड टक्क्याने उतरतो. ग्रह दिसत नाहीच, मोजायचा तो हा उतार. परक्या ताऱ्यासमोरून होणारं ग्रहाचं अधिक्रमण १९९९ मध्ये पहिल्यांदा टिपलं गेलं ते याच ताऱ्याचं, आणि तेही १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. माझी दुर्बीण तेवढीच आहे! म्हणून तर इतका जीव अडकला होता.

पण त्यासाठी तारा तासन्‌तास कॅमेऱ्याच्या त्याच पिक्सेलांवर राहावा लागतो, आणि स्लॅबवर कुणी चाललं तरी तिपाई थरथरते. हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. तुम्ही चहा घेऊन आलात, लॅपटॉपवर तारा हललेला पाहिलात, काही बोलला नाहीत. पुढच्या वेळी मात्र जिन्याच्या दारातच चपला काढल्यात आणि कठड्याला धरून, एकेक पाऊल अलगद टेकवत, अनवाणी आलात. गुडघ्याचं दुखणं असताना. टाकी बघायला आलेल्या वॉचमनलाही खुणेनेच दारात थांबवलंत.

मदत करायला विषय कळावाच लागतो असं कुठे आहे? समोरच्याला हे काम मोलाचं वाटतंय एवढं तुम्हाला दिसलं. मोठ्या पदांवरच्या, शिकल्यासवरल्या माणसांना ते का दिसू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

आलेख तयार झालाय. ठिपके बरेच विखुरलेत, पण मधला उतार ठळक आहे आणि वेळही गणिताशी जुळते. रविवारी प्रिंट घेऊन येते. निरीक्षकांत माझ्याखाली तुमचं नाव घातलंय, नको म्हणू नका.

तुमची,
पलीकडच्या इमारतीतली दुर्बीणवाली