'घरी बसणार' असं लिहू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. वहिनींना हवी ती नोकरी मिळाली आणि बाळासाठी तू वर्षभर बिनपगारी रजा घेतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. एकच शब्द टोचला. तू लिहिलंयस, 'आता मी घरी बसणार.'

बाईने नोकरी सोडली की ती घर सांभाळते, पुरुषाने सोडली की तो घरी बसतो. काम तेच. आणि तिच्या त्या सांभाळण्याला तरी मान कुठे होता? 'काही करत नाही, घरीच असते' हेच आपण ऐकत आलो. घरकामाला कुणी काम म्हटलंच नाही, म्हणून आज ते तुझ्याकडे आल्यावर तुला लाज वाटतेय.

मुलगी लहान असताना मी आठ महिने घरी होतो, तुला माहीत आहे. अंघोळ, भरवणं, झोपवणं सगळं करायचो आणि मनातून खूश होतो. एकदा लस द्यायला तिला घेऊन गेलो. नर्सने विचारलं, "मागचा डोस कधी झाला? तेव्हा ताप आला होता का?" मला काहीच सांगता येईना. बायकोला फोन लावला. ती मीटिंगमधून बाहेर आली आणि तारखेसकट सगळं तोंडपाठ सांगितलं. तेव्हा कळलं, हातांचं काम माझ्याकडे आलं होतं, डोक्यातलं तिच्याकडेच राहिलं होतं. मी तोवर फक्त मदत करत होतो. त्या दिवशी घरी आल्या आल्या लसीकरणाची फाइल माझ्या कपाटात ठेवली. तरीही पुढच्या वेळी नर्सने लिहून घेताना आईचाच नंबर मागितला. मी माझा दिला.

बाप अशी रजा घ्यायला मुळात तयारच नसतात, असं तुझे साहेब म्हणाले ना? स्वीडनने १९७४ मध्ये बाळासाठीची रजा आई आणि बाप दोघांना खुली केली. जगात पहिल्यांदाच. पण बहुतेक बापांनी आपला वाटा आईच्या नावावर करून टाकला. मग १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला, की बापाने स्वतः घेतला नाही तर तो बुडणार. त्यानंतर रजा घेणारे बाप झपाट्याने वाढले. माणसं तीच होती, फक्त आता रजा मागताना ओशाळं व्हायची गरज उरली नव्हती.

आइसलँडमधला एक दिवस मला फार आवडतो. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी घरातलं आणि बाहेरचं, दोन्ही काम बंद ठेवलं. बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. रेडिओवर बातम्या चालू असताना मागे मुलांचा आवाज येत होता म्हणे. रोज कुणीतरी तो आवाज सांभाळत होतं, म्हणून बातम्या नीट ऐकू येत होत्या.

या रजेवरून काकू तुझ्याशी बोलत नाहीत, असं लिहिलंयस. ते मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, 'तुला काय हवंय?' राग धरू नकोस, बाळाला घेऊन त्यांच्याजवळ बसत जा.

उत्तर लवकर पाठव. आणि बाळाचा पुढचा डोस कधी आहे, तेही लिही. वहिनींना न विचारता.

तुझाच,
मित्र