ओवीच्या पोटदुखीबद्दल

सोलापूर,
५ डिसेंबर २०२०

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की ओवी कान टवकारून शेजारी उभी असते, म्हणून कागद घेतला.

तिच्या पोटदुखीला तू आणि रश्मी नाटक म्हणता. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, हे खरं. सकाळी नऊला दुखतं, बाराला थांबतं, रविवारी दुखतच नाही, हेही खरं. तरी पोरगी लबाड नाही. सहा वर्षांच्या लेकराला ताण आलाय म्हणून सांगता येत नाही. तो पोटातून, डोकेदुखीतून, कधी ओल्या अंथरुणातून बाहेर पडतो, आणि दुखतं ते खरोखर दुखतं. पहिलीच्या वर्गावर माझं आयुष्य गेलं. दर जूनला अशी पोटं धरून बसणारी दोन-चार पोरं असायचीच. दिवाळीपर्यंत ती मोकळी व्हायची. हिचं दिवाळीनंतर सुरू झालंय.

का, ते मला हळूहळू उमगलं. शाळेत पोर चुकलं तर बाईंना कळतं, शेजारच्या पोराला कळतं, आणि घंटा झाली की मिटलं. घरी काय सांगायचं आणि काय गिळायचं, हे त्याचं ते ठरवतं. आता करोनामुळे शाळा बंद, वर्ग घरातच पडद्यावर भरतो. ओवी चुकली की तुझे बाबा पेपरातून डोकं वर काढतात, मला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि रात्री तू ग्रुपवरचं रेकॉर्डिंग बघून विचारतोस, ‘एकोणीसनंतर काय, हे तुला येत होतं ना?’ येत होतं रे! पण सगळं घर ऐकत बसलेलं असताना आलं नाही. त्यात पडद्यावर तिचाच चेहरा तिला सारखा दिसतो. तुला कुणी आरसा समोर धरून गणितं घातली तर किती सुटतील?

मागच्या गल्लीतले यंत्रमाग आता पुन्हा सुरू झालेत. परवा तिनं उत्तर द्यायला माइक उघडला आणि खटखट साऱ्या वर्गात गेली. पोरं हसली, बाई ‘म्यूट, म्यूट’ म्हणाल्या. बाईंना तरी काय बोल लावणार, त्यांच्यासमोर चाळीस चौकोन. तेव्हापासून ओवीचा हात वर गेलेला नाही.

डिसले गुरुजींची बातमी तू पाठवलीस, सोबत ‘बघ, ऑनलाइनची ताकद’ असंही लिहिलंस. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या माणसाला जगातलं शिक्षकांचं एवढं मोठं बक्षीस मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून दिली. आमची तर मान ताठ झाली. पण पुस्तकातले त्यांचे ते क्यूआर कोड वापरून बघ एकदा. पोरानं कविता हवी तेव्हा लावावी, मध्येच थांबवावी, दहादा ऐकावी. तिथं हजेरी नाही की कॅमेरा नाही. ओवीच्या वर्गाशी त्याची सांगड कशी घालतोस?

सरकारनंही जुलैमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या आहेत. पहिली ते आठवीला दिवसाला दोनच तासिका, एकेक तीस ते पंचेचाळीस मिनिटांची. तुमच्या शाळेत चार होतात. फी घेतलीय म्हणून तास भरायचे, असं मला तरी दिसतं.

शेजारी उलटी तऱ्हा. आई विड्या वळते, फोन एकच, तो बापाबरोबर टॉवेलच्या कारखान्यात जातो. त्यांची धाकटी वर्ग बुडतो म्हणून रडते. संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येते, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. ओवी बाई होते आणि चिंचोके मांडून तिला शिकवते. एकोणीसनंतर वीस. चांगलं खणखणीत.

तर मी बाईंशी बोलले आहे. त्याही कंटाळल्यात बिचाऱ्या, लगेच हो म्हणाल्या. सोमवारपासून ओवी पहिल्या दोन तासिकांना बसेल, कॅमेरा बंद ठेवून. बाकीचं मी घेईन, पाटीवर, जमिनीवर बसून. पेन्सिल कशी धरलीय ते पडद्यातून कुणाला दिसत नाही, आणि ती मुठीत धरतेय, हे तुम्हाला ठाऊक होतं का? झोपायच्या आधी तासभर मोबाइल नाही, तुझा व्हिडिओ कॉलसुद्धा नाही. साडेसातला करत जा.

ग्रुपवर ती गैरहजर दिसेल, तेव्हा घाबरून फोन करू नकोस. रेकॉर्डिंग उघडूच नकोस. तिला काय विचारायचं सुचलं नाही तर मांजरीचं विचार, माडीवर पिल्लं झालीत.

पुढच्या शनिवारी येणार आहेस ना? तो नवा हेडफोन घेऊ नकोस, पैसे वाचव. शेंगाचटणीचे डबे मात्र आठवणीनं आण. तुमच्याकडे माझे तीन पडून आहेत, आणि रश्मी दोनच म्हणते.

तुझी,
आई