बोरं, रानतोंडल्या, रानकाकड्या आणा: फळमाश्या ओळखायच्या आहेत

इंदूरकर मंडळींना नमस्कार.

पेरू चिरला आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, की आपण तो फेकून देतो. त्या बहुधा फळमाशीच्या असतात. २०१४ साली युरोपीय संघाने आपला आंबा अडवला, तोही याच माश्यांपायी. बागेतला हंगाम सरला की यातल्या कितीतरी माश्या रानफळांवर तग धरतात: बांधावरच्या बोरीत, कुंपणावरच्या रानतोंडलीत. चोरल, पातालपाणी आणि यशवंतसागरच्या वाटांवर कोणत्या रानफळात कोणती जात वाढते, याची नोंद करायला मंडळाच्या निसर्ग गटाने घेतली आहे. त्यासाठी तुमची मदत हवी.

नुसत्या सापळ्यांनी हे काम होत नाही. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिष-रसायनाच्या वासाला बॅक्ट्रोसेरा गटातल्या डॉर्सालिस, झोनाटा, करेक्टा या फळमाश्यांचे नर येतात, क्यू-ल्यूर या दुसऱ्या आमिषाला काकडी-कारल्यावरच्या माशीचे. बोरातली माशी, कार्पोमाया वेसुवियाना, दोन्हींकडे फिरकत नाही. शिवाय सापळ्यातला नर कोणत्या फळातून आला, ते कसं कळणार? म्हणून किडकं फळच बरणीत ओलसर वाळूवर ठेवायचं आणि तोंडाला मलमल बांधायची. पुरी वाढलेली अळी अंगाचं कडं करून टुणकन उडी मारते, वाळूत शिरून कोष करते. हवा उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत माशी बाहेर येते. तिला तीन-चार दिवस साखरपाणी द्यावं लागतं, तेव्हा कुठे रंग पक्के होतात. डॉर्सालिसच्या पोटावर काळा ‘टी’ आणि पंखाच्या पुढच्या कडेला सलग गडद पट्टी असते; झोनाटाची पट्टी तुटक, टोकाशी ठिपका. भिंगातून एवढं दिसतं, पण खात्रीसाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो आणि तो आमच्याकडे नाही.

देणगी मुख्यतः त्यासाठीच हवी आहे. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल. कुणाकडे जुना, चालू स्थितीतला पडून असेल तर फारच उत्तम. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, मऊ सुती साड्या आणि बरण्या ठेवायला मुंग्या न लागणारी एखादी खोली, हेही हवं आहे. माळव्यातल्या रानवेली पानावरून ओळखणाऱ्या आजी-काकूंनी तर जरूर यावं. झाडाचं नाव चुकलं तर पुढची सगळी नोंद वाया जाते.

आणि सगळ्याच फळमाश्या शेतकऱ्याच्या वैरी नाहीत. सूर्यफुलाच्या कुळातल्या रानफुलांच्या बोंडांत वाढणाऱ्या कितीतरी जाती पिकाला तोंडही लावत नाहीत. सरसकट फवारणीत त्याही मरतात, म्हणून नीट ओळख पटवणं आम्हाला इतकं महत्त्वाचं वाटतं.

बोरन्हाणासाठी बाजारातून आणलेली बोरं नकोत, झाडाखालून उचललेलीच द्या. राळामंडळ अभयारण्यातून काही आणू नका, तिथे वनविभागाची परवानगी लागते. प्रत्येक पिशवीत झाडाची एक डहाळी आणि जागा-तारखेची चिठ्ठी असू द्या. फळं रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात पोचवा. पिशवी कापडी हवी, प्लास्टिकमध्ये अळ्या घामेजून मरतात.