गांजा, चरस आणि तेल एक नव्हे

संपादक महोदय,

अमली पदार्थ पकडल्याच्या बातम्यांत गांजा, चरस, हशिश तेल, ‘हायड्रो’ ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी छापली जातात. रोप एकच, हे खरे. पण कायद्याच्या लेखी या फरकावर एखाद्याची दहा वर्षे अवलंबून असतात.

एनडीपीएस कायदा, १९८५ (देशाचा अमली पदार्थविरोधी कायदा) नुसार गांजा म्हणजे रोपाचा फुलोरा. शेंड्यांविना नुसती पाने वा बिया त्यात मोडत नाहीत, म्हणूनच भांग या व्याख्येबाहेर राहते. चरस म्हणजे रोपापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली. हशिश तेलही त्यातच धरले आहे. अल्प प्रमाणाची मर्यादा गांजाला १ किलो, चरसला १०० ग्रॅम. व्यावसायिक प्रमाण अनुक्रमे २० किलो आणि १ किलो. सव्वा किलो गांजा सापडला तर शिक्षा जास्तीत जास्त दहा वर्षे. तेवढाच चरस असेल तर कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस, आणि कलम ३७ मुळे जामीनही अवघड.

राळ कशी काढली, हे तिच्या रूपावरून बरेचसे कळते. हिमाचल प्रदेशात कुलूतल्या मलाणा गावाकडे ताज्या फुलोऱ्यावर तळहात घासून चरस जमवतात. तो काळसर, मऊ आणि चिकट असतो. मोरोक्को-अफगाणिस्तानात वाळलेला फुलोरा चाळून मिळालेली भुकटी दाबून वड्या करतात. तेल द्रावकाने निघते. अमेरिका-कॅनडातले काचेसारखे तुटणारे ‘शॅटर’, मेणचट ‘वॅक्स’, गोठवलेल्या ताज्या फुलांचे ‘लाइव्ह रेझिन’ हे द्रावकाचेच प्रकार. ‘रोझिन’ मात्र केवळ उष्णता आणि दाबाने पिळतात. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, फुलोऱ्यात साधारण १५ ते २५ टक्के, तर यांत ६० ते ९० टक्क्यांपर्यंत. द्रावक म्हणून वापरलेला ब्युटेनसारखा ज्वालाग्राही वायू बंद खोलीत साचून तिकडे स्फोट झाले आहेत. २०१९ मध्ये व्हेप कार्ट्रिजमधल्या (ई-सिगारेटला जोडायच्या तेलाच्या नळीतल्या) व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत ६८ मृत्यू नोंदले गेले.

बँकॉकहून मुंबई विमानतळावर येणारा ‘हायड्रोपोनिक’ माल मात्र यातला नाही. मातीऐवजी पोषकद्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेला तो फुलोराच, म्हणजे गांजा.

जागेवरची रंगचाचणी गांजा आणि चरस दोघांनाही सारखाच रंग देते. दाबून बांधलेला चिकट गांजा ‘चरस’ म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो तो इथेच. पाने, देठ, बिया यांसकट वजन केले की गांजाचा आकडाही फुगतो, आणि खटल्यात नेमके तेच उकरले जाते.

म्हणून विनंती अशी की, बातमीत मुद्देमाल फुलोरा, वडी, तेल की कार्ट्रिज हे लिहावे, वजन देठ-बियांसकट की वगळून ते द्यावे, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायचा असेल तर ‘संशयित’ हा शब्द गाळू नये.

– एक वाचक, ठाणे