वशिला कुठूनही लागू दे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, हॉस्पिटलातल्या नर्सेस कशा खेकसतात, दहा हाका मारल्या तरी फिरकत नाहीत, वगैरे. खेकसतात, खरंय. मीही ऐकून घेतलंय, पासाची वेळ संपल्यावर थांबले म्हणून. पण दुसरी बाजू पण छापून यावी म्हणून लिहितेय, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आईला मागच्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत तीन केमो असं ठरलं. आम्ही लालबागचे, परळचं हॉस्पिटल चालत जाण्यासारखं, म्हणजे आम्ही नशीबवानच म्हणायचे, बाकी बिहार बंगालवरून आलेली माणसं तिथे फूटपाथवर चुली मांडून असतात ते रोज दिसायचं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईला झोप लागेना. दिवसभर सगळ्यांशी हसून बोलणारी बाई, रात्री दोन वाजता माझा हात धरून म्हणाली, मला घरी ने. काय बोलणार मी? घशातून आवाजच निघेना. तेवढ्यात नाईटवाली सिस्टर बीपी बघायला आली. केरळची, मराठी मोडकंतोडकं. तिने बीपी घेतलं, लिहिलं, आणि गेली नाही. कॉटच्या कडेला टेकली, म्हणाली, आई, मी प्रेयर करू तुमच्यासाठी? चालेल तर बोला, नाय तर नाय.

आई माळकरी. तिने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, कर गं बाई, वशिला कुठूनही लागू दे.

मग सिस्टर आईचा हात धरून मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटली, आईचं तोंडातल्या तोंडात विठ्ठल विठ्ठल चाललेलं, आणि समोरच्या कॉटवरची आजी उठून बसून दोघींकडे बघतेय. दोन मिनिटं असेल नसेल. त्यानंतर आई झोपली, खरंच झोपली, घोरायला लागली. (माझा भाऊ नंतर म्हणाला, धर्माचं काही सांगितलं का तिने? नाही रे बाबा, एक शब्द नाही. आधी विचारलं आणि मग केलं, एवढंच.)

सकाळी खरी पंचाईत. ऑपरेशन थिएटरला नेताना कवळी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढतात, आईने मुकाट काढून दिलं, पण तुळशीची माळ काढेना. गळ्यात राहू देणं शक्य नव्हतं, मानेत लाईन टाकायला लागली असती. मी ओरडले तिच्यावर, आता लाज वाटते. सिस्टरची ड्यूटी संपत आलेली, तिने भूलवाल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, माळ गॉजमध्ये गुंडाळली आणि सलाईन नसलेल्या हाताच्या मनगटाला टेपने चिकटवून दिली. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या पायाला बांधा ना, तर ही म्हणते, नाय नाय, देवाचं पायाला नको. तिला हे कुणी शिकवलं?

आता मुद्दा. त्या वॉर्डात ३२ कॉट आणि रात्री सिस्टर दोन. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात टीचिंग हॉस्पिटलला ३ पेशंटमागे १ नर्स, बाकी ठिकाणी ५ मागे १, आणि इथे सरळ १६. त्या रात्री आईजवळ बसली ती दोन मिनिटं तिने स्वतःच्या चहातून काढली, मी बघितलं ना, काउंटरवर कप तसाच, वर साय धरलेली. खेकसणारी असते ती बहुतेक बाराव्या तासाला खेकसत असते. ह्याच परळच्या केईएम हॉस्पिटलात नर्सेसनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्याच सहकारी नर्स अरुणा शानभाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, घरच्या माणसासारखं सांभाळलं, आपण तेव्हा टाळ्या वाजवल्या. १२ मे आला की परिचारिका दिनाची फुलं देतो, फोटो काढतो. भरती कधी करणार, ते पण छापा एकदा.

आईच्या सहाही केमो झाल्या. दर तीन महिन्यांनी चेकअपला जातो, ती सिस्टर दुसऱ्या वॉर्डाला गेलीय, भेट होत नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं. आई संध्याकाळी दिव्यापुढे बसते तेव्हा नातवंडांची नावं घेऊन झाली की म्हणते, आणि ती रात्रपाळीची, तुला माहितीय कोण ती.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई